किती कमी पुरेल?

सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसराच्या शेजारी बमरोलीत यंत्रमागांचे कारखाने आहेत. या पट्ट्यात ओडिशा आणि उत्तर प्रदेशातल्या मजुरांबरोबर धुळे, नंदुरबार, जळगावकडून भुसावळ-सुरत गाडीने आलेली माणसेही राबतात. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या मीटरवर. अशा ठिकाणी आजार आधी बुडालेल्या पाळीच्या रूपात दिसतो, निदान नंतर होते. वैद्यकीय संशोधनाचा आढावा म्हटला की मात्र या माणसांऐवजी जनुकोपचार आणि यंत्रमानवी शस्त्रक्रिया पुढे येतात. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने घडवलेल्या, 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-19 या पेशी-उपचाराचे कौतुक करावे तितके थोडेच. परदेशाच्या मानाने तो कितीतरी स्वस्त आहे, तरी लाखांतच जातो. माझ्या मते अलीकडच्या भारतीय संशोधनाची खरी कमाई वेगळ्याच प्रश्नात आहे: कमीत कमी किती दिले तर पुरेल?

तोंडाच्या कर्करोगाचे पाहा. तंबाखू-चुना मळणाऱ्या आपल्या वस्त्यांना तो नवा नाही. रोगप्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या निव्होलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. ती बहुतेक भारतीय रुग्णांना परवडतच नाही. टाटा रुग्णालयातल्या विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेचा कर्करोग बळावलेल्या 151 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली, उरलेल्यांना त्याच औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षअखेर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 16.3 टक्के होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा आक्षेप आला, आणि तो रास्तच आहे: पूर्ण मात्रेशी तुलना झालीच नाही, मग गरिबांच्या माथी दुय्यम उपचार मारले जात नाहीत कशावरून? पण रूढ मात्रा म्हणजे काही निसर्गनियम नव्हे. सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते की अगदी लहान मात्रेतही हे औषध पेशींवरची आपली जागा जवळजवळ पूर्ण व्यापते. मात्रा वाढवून किती फायदा वाढतो हे नीट मोजण्याची घाई औषध विकणाऱ्याला नसते. शिवाय ज्याला पूर्ण मात्रा मिळणारच नव्हती, त्याच्यापुढे निवड दुय्यम उपचार आणि काहीच नाही यांच्यातली होती. पूर्ण मात्रेशी तुलना व्हायला हवीच. तिचा खर्च सरकारने उचलावा, कारण दुसरे कोणी उचलणार नाही.

याच प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर अपघाताने मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लशीचे तीन डोस हवेत की दोन, हे तपासण्यासाठी 2009 मध्ये बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद यांसह अनेक केंद्रांत मुलींची नोंदणी सुरू झाली. त्याच सुमारास आताच्या तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत चाललेल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. 2010 मध्ये सरकारने सगळ्याच चाचण्यांतले लसीकरण थांबवले, आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. 2021 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आला: एका डोसनेही विषाणूच्या 16 आणि 18 या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. मृत्यूंचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, पण त्या प्रकल्पातल्या संमतिपत्रांवर संसदीय समितीने ओढलेले ताशेरे खरे होते. वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डनने सही करणे याला संमती म्हणत नाहीत. गरिबांवर संशोधन करायचे तर नियम अधिक कडक हवेत, असा अर्थ मी त्यातून काढतो. अशी संशोधने बंद करा, असा काढत नाही. बंद केल्याने गरिबांच्या वाट्याला श्रीमंत देशांतले आकडे तेवढे उरतात.

औषधाचा संबंधच नसलेली चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी 2,800 क्षयरुग्णांच्या घरच्या 10,345 माणसांचा अभ्यास केला. एका गटातल्या माणसांना दरमहा 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गटात नव्या क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिले. क्षय उपासमारीचा सोबती आहे हे जुन्या डॉक्टरांना माहीत होते. आता ते आकड्यांत मांडता आले. केंद्राने नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाचे पोषण अनुदान महिना 500 वरून 1,000 रुपये केले. कुणी म्हणेल, रेशन देणे हे वैद्यकाचे काम नव्हे. नसेल. पण गोळी आणि डाळ यांची परिणामकारकता एकाच पद्धतीने मोजता येते, तर एकीला उपचार आणि दुसरीला दानधर्म म्हणायला आधार काय?

अडचण पुढे आहे. या चाचणीचा पाया कुटुंब हा होता: एका चुलीवर जेवणारे, एका जागी राहणारे लोक. सुरतेच्या यंत्रमाग वस्त्यांत एकटे आलेले कामगार मेसमध्ये जेवतात आणि एकच खोली दिवसपाळी-रातपाळीने वाटून घेतात. खोकणारा उठून गेला की त्याच अंथरुणावर दुसरा पडतो. तो नातलग नाही, रेशनकार्डावर नाही, आणि हंगामात गावी गेला तर मागोव्यातूनही निसटतो. चाचण्यांना स्थिर माणसे लागतात, म्हणूनच त्या बार्शीच्या किंवा झारखंडच्या गावांत यशस्वी होतात आणि बमरोलीसारख्या ठिकाणी टाळल्या जातात. सहवासी कोणाला म्हणायचे हे कुटुंबाऐवजी खोलीवरून ठरवले, डाळ-तांदूळ घराऐवजी मेसवाल्याकडे पोचवले आणि नोंद गावी जाणाऱ्याबरोबर नंदुरबारच्या किंवा ओडिशातल्या गंजामच्या आरोग्य केंद्रापर्यंत गेली, तर हीच चाचणी इथेही होऊ शकते. त्यासाठी नवे औषध लागणार नाही. दोन-तीन राज्यांच्या क्षय विभागांना मात्र एकाच रुग्णाची जबाबदारी वाटून घ्यावी लागेल.