गोळी राहते, ती विसरल्यामुळेच?

मधुमेहाच्या ओपीडीत नेहमी दिसणारं हे दृश्य. तपासणी दोन दिवसांवर आली, की गृहस्थ गोड बंद करतात, भात सोडतात, सकाळी फिरायला जातात. उपाशीपोटीची साखर बऱ्यापैकी येते. पण ‘एचबीए१सी’ सगळं बिंग फोडतं, कारण ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते. डॉक्टर विचारतात, ‘‘गोळ्या रोज घेता ना?’’ ‘‘घेतो की, कधीतरी राहते एखादी.’’ शेजारी बसलेली पत्नी गप्प असते.

हे गृहस्थ विसराळू नाहीत. विजेचं बिल, विम्याचा हप्ता त्यांच्या नीट लक्षात असतो. मग गोळीच का राहते?

दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण ठरल्याप्रमाणे उपचार घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे. तेही विकसित देशांत. औषधाचा खर्च, दुष्परिणाम, विसरणं ही कारणं आहेतच. पण मनातल्या भावनांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

रोजची गोळी रोज आजाराची आठवण करून देते. मधुमेहामुळे वडिलांचा पाय गेलेला ज्यांनी पाहिला, त्यांना गोळीची पट्टी हातात घेतली की तेच आठवतं. ती आठवण टाळताना गोळीही टाळली जाते. क्षणभर हायसं वाटतं आणि त्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते. पुढे अपराधीपणा येतो, तो लपवण्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलली जाते.

इन्सुलिनच्या बाबतीत हे जास्तच दिसतं. सुईची भीती असतेच, शिवाय ‘म्हणजे मी पथ्य पाळलं नाही’ ही शरमही असते. प्रत्यक्षात टाइप-२ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता वर्षानुवर्षं कमी होत जाते. त्यामुळे पथ्य पाळणाऱ्यालाही इन्सुलिन लागू शकतं.

उदासीचा परिणाम आणखी मोठा. संशोधक रॉबिन डिमॅटिओ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य असलेल्या रुग्णांत वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता सुमारे तिपटीने जास्त आढळली. ‘घेऊन काय होणार?’ असं वाटू लागलं, की मोबाइलचा गजर उपयोगी पडत नाही.

मग करायचं काय? भावना दाबून टाकणं हा उपाय नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत, भावना चेहऱ्यावर न दाखवणाऱ्यांची आतली अस्वस्थता कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. ज्यांनी त्याच प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, त्यांना त्रास कमी जाणवला. गोळीचंही तसंच. ‘ही गोळी म्हणजे माझा आजार’ याऐवजी ‘ही माझे डोळे आणि मूत्रपिंड सांभाळते’ असं स्वतःला सांगता येतं. त्याआधी, गोळी नकोशी वाटते तेव्हा नेमकं काय वाटतं, भीती, राग की कंटाळा, हे ओळखायला हवं. आणि गोळी एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडावी: सकाळचा चहा झाला, की गोळी. मग मूड कसाही असो, रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

घरच्यांनी ‘पुन्हा विसरलात?’ असं दरडावण्याऐवजी ‘नको का वाटतंय?’ असं विचारून पाहावं. रागावल्याने गोळी घेतली जातेच असं नाही, खोटं मात्र बोललं जातं.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि पुढच्या भेटीत राहिलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सांगा. तो कळला नाही, तर औषध कमी पडतंय असं समजून डॉक्टर डोस वाढवू शकतात. राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी मात्र स्वतःच्या मनाने दुप्पट डोस घेऊ नका.