समासातला शेरा

टपालाने विद्या शिकविण्याची कल्पना नवी नाही. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. शिष्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडावा, त्यांनी तो दुरुस्त करून परत पाठवावा. धडे काय, पुस्तकातही मिळतात. त्या शिक्षणाचा प्राण दुरुस्त होऊन परत येणाऱ्या कागदात होता.

आपल्या देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत स्थापन झाले, १९८५ साली दिल्लीचे व १९८९ साली नाशिकचे. संसार नि नोकरी सांभाळून पदवी घेण्याची वाट त्यामुळे कितीतरी गृहिणींना व नोकरदारांना मोकळी झाली. आता तर व्याख्याने घरबसल्या भ्रमणध्वनीवर ऐकता येतात, चाचणीचा निकाल क्षणात मिळतो. दहापैकी सात! परंतु उरलेले तीन का गेले, हे बहुधा कळतच नाही. वर्गात शिक्षकाच्या मुद्रेवरूनही पुष्कळ उमगते. दूर बसलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या लेखी शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो.

रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग येथे आठवतो. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता अभिप्राय, काहींना दोन्ही. गोडी टिकली आणि काम सुधारले ते नुसता अभिप्राय मिळालेल्यांचे. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांना अभिप्रायाचा फारसा लाभ झाला नाही. आकडा दिसला की मजकुराकडे कोण पाहतो?

अर्थात प्रत्येक शेरा तारकच असतो असे नव्हे. क्लूगर व डेनिसी यांनी १९९६ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावलेली आढळली. त्यांच्या मते, लक्ष कामावरून ढळून स्वतःकडे वळले की असे होते. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हा शेरा मनाला लागतो; ‘दुसऱ्या परिच्छेदात कारण दिलेले नाही’ हा हाताला काम देतो. तोही वेळेवर हवा. परीक्षा आटोपल्यावर आलेला स्वाध्याय रद्दीच्या मोलाचा!

शिक्षकांवर उत्तरपत्रिकांचे ओझे फार असते, हे मान्यच आहे. म्हणून आपल्या घरात कोणी अशा रीतीने शिकत असेल, तर स्वाध्यायाच्या शेवटी शिक्षकांना एक नेमका प्रश्न लिहावा: ‘तिसऱ्या उत्तरातील माझा युक्तिवाद कोठे तुटतो?’ ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘ठीक’ एवढेच उत्तर यावयाचे.