गॅलन म्हणजे नेमका कोणता गॅलन?
जुन्या पेपरमध्ये ‘एकरी २ गॅलन द्रावण फवारले’ असं वाचलंत, की लगेच कॅल्क्युलेटर उघडू नका. गॅलन दोन आहेत: अमेरिकन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश म्हणजे इम्पिरियल ४.५४६ लिटरचा. त्यामुळे हेक्टरी मात्रा १८.७ लिटर येईल किंवा २२.५ लिटर. फरक तब्बल २० टक्के! प्रयोग पुन्हा करताना निकाल जुळेना, तर दोष रसायनाचा नसेलही.

असं का? ब्रिटनने १८२४ मध्ये नवा गॅलन ठरवला; अमेरिकेने २३१ घन इंचांचा जुना वाइन गॅलनच चालू ठेवला.

फ्लुइड औंसात मात्र उलटं आहे. अमेरिकन गॅलनचे १२८ औंस होतात, ब्रिटिश गॅलनचे १६०. म्हणून अमेरिकन औंस २९.५७ मिलिलिटरचा, म्हणजे ब्रिटिश औंसापेक्षा (२८.४१) मोठा.

तेव्हा आधी प्रयोग कुठे झाला ते बघा. स्वातंत्र्यपूर्व भारतातला पेपर असेल, तर गॅलन बहुधा इम्पिरियल. कोणता गुणक वापरला ते वहीत लिहा. आकडा पूर्णांकात आणा, पण शेवटच्या पायरीलाच.