चौकांत सिग्नल हवा कीं नको?

एखाद्या वाहत्या चौकांत अपघात झाला म्हणजे दुसऱ्याच दिवशीं शेजारपाजारची मंडळी एकत्र जमते, अर्ज लिहिला जातो, त्यावर पन्नास-शंभर सह्या होतात आणि तो नगरपालिकेकडे रवाना होतो. अर्जांतील मागणी बहुधा एकच असते : येथें सिग्नल बसवा. ज्या घरचीं मुलें त्या चौकांतून शाळेस जातात व ज्या घरचे वृद्ध सायंकाळीं देवदर्शनास निघून तोच रस्ता ओलांडतात, त्या घरांतील माणसांनीं अशी मागणी करावी यांत नवल कांहींच नाहीं. परंतु दिवा लागला कीं धोका टळला ही जी सर्वत्र रूढ समजूत आहे, ती आम्हांस तपासून पाहण्याजोगी वाटते. कारण अस्थानीं बसविलेला सिग्नल नुसता निरुपयोगी ठरतो असें नव्हे. तो कधीं कधीं अपायकारकही होतो.

या यंत्राचा जन्मच मुळीं अपशकुनी झाला. सन १८६८ च्या डिसेंबरांत लंडनच्या पार्लमेंटगृहाजवळ जे. पी. नाइट नांवाच्या रेल्वे-इंजिनिअरनें पहिला सिग्नल उभारला. त्यास रेल्वेच्या सिग्नलासारखे हात होते, आणि रात्रीं तांबड्या व हिरव्या रंगाचे गॅसचे दिवे लागत. खालीं उभा असलेला पोलीस तो हातानें फिरवी. महिना उलटतो न उलटतो तोंच, १८६९ च्या जानेवारींत, गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस भाजला आणि प्रयोग तेथेंच बारगळला. पुढें विजेचा दिवा आला तो अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं, ५ ऑगस्ट १९१४ रोजीं. त्यासही तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते. दोहोंच्या मध्यें पिवळा घालून चारही दिशांस दिसेल असा दिवा डेट्रॉइट येथें विल्यम पॉट्स या पोलीस अंमलदारानें १९२० सालीं बसविला. ज्यानें रोज उन्हातान्हांत चौक सांभाळला त्यालाच हें सुचावें, हें आम्हांस मोठें स्वाभाविक वाटतें.

आतां सिग्नल नेमकें काय करतो तें पाहूं. तो रस्ता रुंद करीत नाहीं, वाहनांची संख्याही कमी करीत नाहीं. तो केवळ वेळेची वांटणी करतो. आणि वांटणी म्हटली कीं नासाडी आलीच. प्रत्येक वेळीं दिवा बदलतांना, थांबलेलीं वाहनें हलेपर्यंत व सुटलेलीं चौकाबाहेर पडेपर्यंत, कांहीं सेकंद कोणाच्याच उपयोगीं पडत नाहींत. इंग्लंडांतील वेब्स्टर या संशोधकानें १९५८ मध्यें या वांटणीचें एक गणित प्रसिद्ध केलें, तें अजूनही अभियंत्यांच्या हातीं असतें. दिव्याच्या एका फेऱ्यांत दहा सेकंद वायां जात असतील आणि चारही बाजूंच्या गर्दीस मिळून निम्मा वेळ पुरत असेल, तर चाळीस सेकंदांचा फेरा उत्तम. तीच गरज आठ-दशांशावर गेली कीं फेरा शंभर सेकंदांचा होतो. नऊ-दशांशावर गेली कीं दोनशें! गर्दी थोडीशीच वाढावी आणि थांबणें दुपटीनें वाढावें, हा जो अनुभव नगरवासीयांस येतो त्याचें मर्म या गणितांत आहे. याच्या उलट, ज्या चौकांत गर्दी तुरळक आहे तेथें समोर रिकामा रस्ता दिसत असतां तांबड्या दिव्यापुढें उगाच तिष्ठत राहावें लागतें; मग माणूस तो दिवा मोडूं लागतो. एकदां मोडण्याची संवय लागली म्हणजे ती त्या एका चौकापुरती राहत नाहीं.

म्हणूनच दिवा कोठें बसवावा याचे नियम ठरविलेले आहेत. आपल्या देशांत इंडियन रोड्स काँग्रेस या १९३४ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेनें या विषयाची संहिता १९८५ सालीं काढली. अमेरिकेंतील नियमपुस्तक त्याहून जुनें, १९३५ चें. त्यांतील एक कसोटी सर्वसामान्य गृहस्थासही कळेल अशी आहे : दोन्ही रस्त्यांवर प्रत्येक दिशेस वाहनांची एकेकच रांग चालत असेल, तर मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनीं मिळून तासास ५०० आणि आडव्या रस्त्याच्या अधिक गर्दीच्या बाजूनें तासास १५० वाहनें, तींही दिवसांतील आठ तास, येत असलीं पाहिजेत. सायंकाळच्या अर्ध्या तासाची गर्दी पाहून निर्णय करूं नये, हा त्यांतील इत्यर्थ. अपघातांचीही कसोटी आहे, परंतु तिच्याबरोबर एक अट आहे कीं इतर सौम्य उपाय अगोदर करून पाहिलेले असावेत. शिवाय हेंही स्पष्ट लिहिलें आहे कीं कसोटीस उतरला तरी दिवा बसविलाच पाहिजे असें नाहीं. अर्जावर सह्या करणाऱ्यांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अपघातांविषयीं बोलावयाचें तर, सिग्नलानें आडवीं येऊन आदळणारीं वाहनें कमी होतात आणि मागून येऊन आदळणारीं वाढतात. पहिला प्रकार अधिक घातक, म्हणून खऱ्याखुऱ्या गर्दीच्या चौकांत हा सौदा लाभाचा ठरतो. परंतु फिलाडेल्फिया शहरांत १९७८ पासून पुढें चौदा-पंधरा वर्षांत, एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांवरील शेंकडों कमी गर्दीचे चौक दिव्यावांचून करण्यांत आले आणि तेथें दिव्यांऐवजीं थांबण्याच्या पाट्या लावल्या. त्यांपैकीं १९९ चौकांचा अभ्यास १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत अपघात सुमारें २४ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. हॉलंडांतील ड्राख्टेन गांवीं हान्स मोंडरमन या अभियंत्यानें तर दिवसास सुमारें बावीस हजार वाहनांच्या चौकांतून सिग्नल उपटून काढले व तेथें वाटोळा चौक केला. वाहनांचा खोळंबा कमी झाला. भूतानची राजधानी थिंफू येथें सिग्नल एकदां बसविला होता, तो नागरिकांस रुक्ष वाटला म्हणून लवकरच काढून टाकला आणि पांढऱ्या हातमोज्यांचा पोलीस पुन्हां आपल्या छत्रीखालीं उभा राहिला. ही गोष्ट ऐकून आम्हांसही आनंद होतो. पण थिंफूचा दाखला पुण्याच्या स्वारगेटास लावूं नये एवढा विवेक हवा.

अशा चर्चेंत घरोघरीं दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, दिवा हवाच. दुचाकीवरून कॉलेजास जाणारा पुतण्या म्हणतो, दिव्यानें नुसता वेळ जातो. दोघेही आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. पण दोहोंतील वजन सारखें नाहीं असें आमचें मत आहे. पुतण्याचीं पांच मिनिटें जातात, आजीचा पाय मोडतो. वाटोळे चौक व मोकळे रस्ते यांच्या स्तुतिपाठकांस आम्ही एवढेंच विचारूं कीं आंधळ्या माणसानें तेथें काय करावें? युरोपांतील अंधांच्या संस्थांनीं हाच आक्षेप घेतला आहे, व त्याचें समाधानकारक उत्तर आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. वाहनचालकाच्या नजरेस नजर देऊन रस्ता ओलांडावा, हें ज्यास नजर आहे त्याच्यापुरतें ठीक.

परंतु दिवा आहे एवढ्यानेंही आजीचें काम होत नाहीं. चवदा मीटर रुंदीचा रस्ता, आणि माणूस सेकंदास १.२ मीटर चालतो असें धरण्याचा अभियंत्यांचा प्रघात. म्हणजे बारा सेकंद पुरेत. आजी सेकंदास ०.८ मीटर चालत असतील तर त्यांस साडेसतरा सेकंद लागतात. बाराव्या सेकंदास त्या अजून रस्त्यांतच असतात आणि तिकडे हिरवा लागतो. रस्त्याच्या मधोमध उभें राहण्यापुरता एक उंचवटा बांधला तर याच आजी दोन टप्प्यांत निर्धास्तपणें पार होतात, आणि त्यास वीजही लागत नाहीं. शाळेजवळील चौकांत आधीं हा उंचवटा, गतिरोधक, ठळक पट्टे आणि शाळा सुटण्याच्या वेळीं एक पोलीस, एवढें करून पाहावें. कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवाव्या, म्हणजे चालकास मूल दिसेल व मुलास मोटार.

याउपरही दिवा हवा असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं अर्जापूर्वीं मोजणी करावी. सुटींतल्या मुलांस वही-पेन्सिल देऊन चौकाच्या कोपऱ्यावर दोन दोन तासांच्या पाळीनें बसवावें. सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, बस यांचे निरनिराळे रकाने करावे, आणि पायीं ओलांडणाऱ्यांचा रकाना विसरूं नये. बहुतेक मोजण्यांत तोच गाळला जातो. असे आठ तासांचे आंकडे अर्जास जोडले तर अधिकाऱ्यास उत्तर देणें भाग पडतें. मोजणींतून दिवा नको असेंच निष्पन्न झालें, तर तोही निकाल तितक्याच मोकळेपणानें अर्जांत लिहावा व उंचवट्याची मागणी करावी.

आणि दिवा मंजूर झालाच, तर तो चालू करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारून घ्यावे : पायीं चालणाऱ्यांस किती सेकंद दिले आहेत आणि ते कोणाच्या चालीनें मोजले? बदलतांना चारही बाजूंस तांबडा असा क्षण ठेवला आहे काय? वीज गेल्यास सौर पट्टीची सोय आहे कीं चौक रामभरोसे? आणि मध्यरात्रीं, रस्ता ओस असतां, तो नुसता पिवळा लुकलुकेल कीं एकट्यादुकट्यास उभा करील? उत्तरें त्याच वहींत टिपून ठेवावीं, म्हणजे वर्षानें पुन्हां मोजणीस बसणाऱ्या मुलांस तीं सांपडतील.