टपावरचं वन बीएचके!

हल्ली शुक्रवारी संध्याकाळी हायवेवर एखादी थार किंवा जिम्नी आपल्याला ओव्हरटेक करून जाते आणि तिच्या टपावर एक चपटी, काळी पेटी दिसते. आधी वाटतं, कुणाचं तरी शिफ्टिंग चाललंय! पण ती पेटी म्हणजे त्या मंडळींची बेडरूम असते. रूफटॉप टेंट! गाडी लावायची, पट्टे सोडायचे, शिडी ओढायची की पाच-दहा मिनिटांत तंबू तयार. गादी आतच असते. आठवडाभर टार्गेट्स आणि कॉन-कॉल्स झेललेल्या माणसाला याहून जास्त काय हवं?

कल्पना मात्र आजची नाही. इटलीत १९५८ सालीच गाडीच्या टपावरचा तंबू बाजारात आला होता. १९७०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या लोकांनी चक्क चिमुकल्या ट्राबांटवर तंबू चढवून सुट्ट्या काढल्या. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जंगलवाटांवर तर तो नेहमीचाच. आपल्याकडे २०२० मध्ये नवी थार आणि २०२३ मध्ये जिम्नी आली, तेव्हापासून या वेडाने जोर धरला.

फायदे खरे आहेत. जमीन ओली असो, खडकाळ असो, तुम्हाला फरक पडत नाही. विंचू-सापाची धास्ती कमी होते. वारा खेळता राहतो आणि सकाळी चेन उघडली की समोर थेट डोंगर! पण लाखभर रुपये (आणि वरही) मोजण्याआधी थोडं गणित करू या.

वजनाचं काय?

कापडी टेंट साधारण ४५ ते ६० किलोचा असतो. कडक कवचाचा त्याहून जड. गाडी धावत असताना टपावर किती वजन चालेल, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही छोट्या गाड्यांची ही मर्यादा अवघी ३० किलो असते. आणि त्यात रॅकचंही वजन धरायचं बरं का! ‘मग वर दोन माणसं झोपतात कशी?’ असं तुम्ही विचाराल. उभ्या गाडीचं टप धावत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भार पेलतं. घाटात वळताना, ब्रेक मारताना तेच वजन गाडीला बाहेर खेचतं. टपावर पन्नास किलो असताना वळणावर नेहमीचा स्पीड विसरायचा.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही गाडीतल्या मनमानी बदलांच्या विरोधात आहेत. त्यामुळे रॅक बसवण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी केलेली बरी. आणि सोसायटीच्या बेसमेंटची उंची मोजा! थार मुळातच १.८४ मीटर उंच. त्यावर रॅक आणि टेंट आला की सव्वादोन मीटरच्या पुढे हिशोब जातो.

जागा कुणाची?

हे सगळं जमलं तरी खरा प्रश्न उरतोच. गाडी लावायची कुठे? मे महिन्यात मी, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा भंडारदऱ्याला गेलो होतो. गाडी त्यांची, टेंट भाड्याचा. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं पाणी एका बाजूला, कळसूबाईची रांग दुसऱ्या बाजूला. काठावरच्या गावातल्या एका काकांचं शेत आम्हाला आवडलं. काका रोज तिथे तंबू लावून पाहुणे ठेवतात. त्यांनी माणशी पैसे सांगितले तसा मैत्रिणीचा नवरा म्हणाला, “काका, पण आम्ही तर घर बरोबरच आणलंय!”

काका नुसते हसले. उत्तर काकूंनी दिलं. “घर तुमचं हो. पण जागा आमची, पाणी आमचं, संडास आमचा. रात्री काही झालं तर धावत येणारी माणसंही आमचीच.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. जागेचे आणि जेवणाचे ठरले, पिठलं-भाकरी झाली. रात्री दीडच्या सुमाराला शिडी उतरून खाली आले तेव्हा काकूंच्या ओटीवरचा दिवा चालू होता. मुलगी म्हणून सांगते, त्या दिव्याची किंमत कुठल्याच टेंटच्या ब्रोशरमध्ये नसते.

‘कुठेही थांबा, फुकट झोपा’ हे रूफटॉप टेंटचं स्वप्न ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे ‘कुठेही’ म्हणजे कुणाचं तरी शेत, गायरान नाहीतर वन खात्याची हद्द असते. भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. काजव्यांच्या दिवसांत तर नियम आणखी कडक होतात. शिवाय तलावाकाठी तंबू लावून दोन पैसे कमावणाऱ्या गावाला आपण कचरा आणि टायरच्या खुणा देऊन परत यायचं, हे काही बरं नाही.

निघण्यापूर्वी...

* पहिल्यांदा टेंट भाड्याने घ्या. तीन ट्रिप झाल्या की विकत घ्यायचा की नाही, ते आपोआप कळतं.
* गाडी सपाट जागी लावा. चाकाखाली दगड लावून लेव्हल साधता येते. नाहीतर रात्रभर जोडीदाराच्या अंगावर घसरत राहाल!
* दूध आणायला जायचं तरी टेंट मिटावा लागतो. सामान आधीच भरून ठेवा.
* टेंटमध्ये शेगडी, कोळसे अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाली इंजिन चालू ठेवूनही झोपू नका.
* विजा चमकू लागल्या तर वरून उतरा आणि काचा लावून गाडीत बसा. टपावरचं कापड वीज अडवत नाही.
* घरी आल्यावर टेंट उघडून वाळवा. ओला मिटला तर बुरशी ठरलेली.

लाखभर रुपयांत तुम्हाला पाच मिनिटांत उघडणारं घर मिळतं. अंगण मात्र दर वेळी कुणाकडून तरी मागूनच घ्यावं लागतं. ते नीट मागितलंत, तर पिठलंही गरम मिळतं! मग, या वीकेण्डला कुठे?