सुपारीएवढी ग्रंथी, पाचशे किलोचा घोडा: पिट्युटरीचं स्कॅन नेमकं काय सांगतं?

मी प्राण्यांच्या हॉस्पिटलांसाठी सीटी आणि एमआरआय बघायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करते. घोड्याशी माझा संबंध लहानपणी माथेरानला बसले होते तेवढाच. त्यामुळे एके दिवशी परदेशातल्या एका हॉस्पिटलमधून "तुमच्या व्ह्यूअरने या घोडीची पिट्युटरी दुप्पट दाखवली आहे, हे बरोबर आहे का?" असा मेल आला, तेव्हा आधी घोड्याला ही ग्रंथी कुठे असते इथपासूनच वाचायला सुरुवात केली.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी, हॉर्मोन सोडणारी ग्रंथी. माणसात ती वाटाण्याएवढी असते. घोड्यात साधारण दोन सेंटिमीटर रुंद, चपटी, छोट्या सुपारीएवढी. तिचा एक मधला भाग असतो, तो मोठ्या माणसात जवळपास नाममात्र उरलेला असतो, पण घोड्यात चांगला मोठा असतो. या मधल्या भागाला मेंदूकडून डोपामिनचा सतत ब्रेक लागलेला असतो. वय झालं की डोपामिन पाठवणाऱ्या पेशी झिजतात, ब्रेक सुटतो, मधला भाग फुगत जातो आणि एसीटीएचसारखी हॉर्मोन जास्त सोडायला लागतो. या आजाराला पीपीआयडी म्हणतात. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत तो बराच आढळतो. अंगावरचे लांब केस उन्हाळा आला तरी झडत नाहीत, पाठीचे स्नायू उतरतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुरांच्या आत सूज येऊन घोडा चालेनासा होतो.

डोपामिन म्हटल्यावर तुम्हाला पार्किन्सन्स आठवला असेल, तर बरोबर आठवला. घोड्यांना यासाठी देतात ते परगोलाइड हे औषध मुळात माणसांच्या पार्किन्सन्सवरचं. हृदयाच्या झडपांवर परिणाम होतो म्हणून २००७ मध्ये अमेरिकेत ते माणसांसाठी बंद झालं, आणि २०११ मध्ये तिथेच घोड्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली.

आता स्कॅनकडे येऊ. माणसाला डॉक्टर सांगतात, "एमआरआय करून या." घोड्याला ते कसं सांगणार? एमआरआय मशीनचं भोक साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरचं. त्यात घोड्याचं डोकं आणि मानेचा वरचा भाग, एवढंच जातं. तेही पूर्ण भूल देऊन, क्रेनने उचलून, खास टेबलावर झोपवून. पाचशे किलोच्या जनावराला भूल देणं ही साधी गोष्ट नाही. स्वतःच्याच वजनाने स्नायू दबतात, आणि शुद्धीवर येताना धडपडून उठताना पाय मोडू शकतो. भुलीतून दगावण्याचं प्रमाण माणसांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. म्हणून आता काही हॉस्पिटलांत उभ्या घोड्याचं सीटी करतात: गुंगीचं औषध द्यायचं, डोकं आधारावर टेकवायचं आणि मशीनचं कडं डोक्यावरून सरकवायचं. काम लवकर होतं, पण घोड्याने मध्येच मान हलवली की चित्र पुसट झालंच म्हणून समजा.

सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, हाड कित्येकशे ते हजाराच्या वर. पंचाईत अशी की पिट्युटरी आणि तिच्या वरचा मेंदू यांचे आकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे राखाडीवर राखाडी. शिवाय कवटीच्या तळाची जाड हाडं क्ष-किरण अडवतात आणि चित्रात काळे पट्टे उमटतात. यावर उपाय म्हणजे आयोडीनचं औषध शिरेतून सोडायचं. मेंदूच्या रक्तवाहिन्या ते सहसा आत शिरू देत नाहीत. पिट्युटरीला मात्र तो बंदोबस्त नाही, त्यामुळे ती पटकन उजळते आणि कडा दिसतात. घोड्याच्या वजनाला हे औषध काही शे मिलिलिटर लागतं, म्हणजे बिलही त्याच मापाचं.

कडा दिसल्या की मोजायचं. इथेच आमची चूक झाली होती.

ती घोडी बावीस वर्षांची होती. अडखळत होती, एका बाजूचं तिला दिसत नसावं अशी शंका होती. घोड्यात पिट्युटरीच्या वरचा पडदा अपुरा असतो, त्यामुळे वाढलेली ग्रंथी वर मेंदूकडे सरकते आणि डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब येऊ शकतो. म्हणून स्कॅन. आमच्या व्ह्यूअरने आकारमान दुप्पट दाखवलं, आणि एवढी मोठी गाठ असेल तर घोडीला आणखी त्रास नको, तिला शांतपणे जाऊ द्यावं असा विचार मालक करू लागले होते. पण डॉक्टर मॅडमना एक गोष्ट खटकली. ग्रंथीची उंची तर दहा मिलिमीटर, मग लांबी चाळीस कशी?

मी फाइल उघडली. डायकॉम फाइलमध्ये प्रत्येक कापाची जाडी लिहिलेली असते, इथे ती दोन मिलिमीटर होती. पण मशीनने काप एकमेकांवर चढवून बनवले होते, दर एक मिलिमीटरला एक. कौलारू छपरासारखं समजा: प्रत्येक कौल अर्धं दुसऱ्याखाली गेलेलं असतं, म्हणून कौलांची संख्या गुणिले कौलाची लांबी केली तर छप्पर दुप्पट लांब निघेल. आमचा कोड नेमका तोच गुणाकार करत होता. खरं अंतर लागोपाठच्या कापांच्या जागांवरून काढायला हवं होतं. उंची एकाच कापात मोजली जाते, म्हणून ती बरोबर आली. लांबी आणि आकारमान चुकलं. ती ओळ दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. जाडी आणि अंतर सारखं असलेल्या फाइलींवर ती बरोबर चालायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मॅडमना उत्तराचा मेल लिहायला दीड तास.

नवा आकडा त्या वयाच्या घोडीत खपून जाईल असा होता. आणि "खपून जाईल" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. वय वाढतं तशी ग्रंथी थोडी वाढतेच, आणि निरोगी म्हातारे घोडे व सुरुवातीचा आजार असलेले घोडे यांची मापं एकमेकांत मिसळतात. आजार सुरू होतो तेव्हा गाठ इतकी लहान असते की ती स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. कुत्र्यांचं वेगळं आहे. तिथे ग्रंथीची उंची आणि मेंदूचं क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर ०.३१ च्या वर गेलं की ग्रंथी वाढलेली धरतात, आणि काही ठिकाणी ती शस्त्रक्रियेने काढतातही. घोड्यात अशी शस्त्रक्रिया रूढ नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये काही दिसलं तरी औषध बहुतेक वेळा तेच राहतं.

म्हणून पीपीआयडीचं निदान आजही मुख्यतः रक्तावरच होतं. एसीटीएच मोजतात, पण महिना बघून, कारण शरद ऋतूकडे ते निरोगी घोड्यातही वाढतं. शंका राहिली तर टीआरएच टोचून दहा मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती किती काम करते आहे, हे त्यातून कळतं. दिसेनासं होणं, तोल जाणं, वागणं बदलणं अशी मेंदूवरच्या दाबाची लक्षणं असली, तर मात्र स्कॅनला पर्याय नाही.

त्या घोडीच्या रक्तात एसीटीएच वाढलेलं होतंच. परगोलाइड सुरू झालं. दिसण्याचा त्रास डोळ्यातल्या जुन्या सुजेमुळे होता, असं नंतर मॅडमनी कळवलं. तिची फाइल, नाव-गाव काढून, आमच्या टेस्टमध्ये आहे आणि नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी दर वेळी तिची लांबी मोजली जाते: वीस मिलिमीटर.