बॅटरी ‘चार्ज धरत नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या गणपतीत लालबागच्या रांगेत व्हिडिओ काढताना बाबांचा फोन २६ टक्क्यांवर बंद पडला. "बॅटरी चार्ज धरत नाही, बदलून टाक," बाबांनी तिथेच निकाल दिला. मी पॉवर बँक लावली. दोन मिनिटांत फोन सुरू झाला, आकडा होता २५. म्हणजे चार्ज कुठेच गेला नव्हता!

‘चार्ज धरत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात.

पहिला, स्वयं-विसर्जन. न वापरता ठेवलेल्या बॅटरीतला चार्ज हळूहळू कमी होतो. लिथियम-आयनमध्ये हे महिन्याला साधारण दोन-तीन टक्के, जुन्या पद्धतीच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये वीस टक्क्यांच्याही वर. यातला बराचसा तोटा पुन्हा चार्ज केला की भरून निघतो.

दुसरा, क्षमता घटणं. ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक पातळ थर तयार होतो, त्याला एसईआय म्हणतात. हा थर संरक्षण करतो, पण वाढताना थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. समजा, दर फेरीला ९९.९ टक्के लिथियम परत मिळालं. ऐकायला उत्तम! पण ५०० फेऱ्यांनंतर उरतं सुमारे ६१ टक्के. ९९.९९ टक्के असेल तर ९५. म्हणून या क्षेत्रात दशांश चिन्हानंतरच्या एका नऊसाठी लोक वर्षं घालवतात.

तिसरा, अंतर्गत रोध. बॅटरी जुनी झाली की तो वाढतो. समजा, सेलचा व्होल्टेज ३.६ आहे, रोध ०.२ ओहम आणि फोन २ अँपिअर खेचतोय. मग ०.४ व्होल्ट आतच पडतात, फोनला मिळतात ३.२. एवढ्यावर फोन स्वतःला बंद करून घेऊ शकतो. व्हिडिओ आणि गर्दीतलं कमजोर नेटवर्क, दोन्ही जास्त करंट मागतात. बाबांच्या फोनचं हेच झालं असावं.

आता संशोधनाकडे येऊ. या तीन गोष्टी मोजायच्या पद्धतीही वेगळ्या. पहिलीसाठी सेल ठरावीक दिवस नुसता ठेवायचा आणि उरलेला चार्ज मोजायचा. दुसरीसाठी ठरलेल्या करंटने पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करायचा. तिसरीसाठी अचानक करंट देऊन व्होल्टेज किती पडतो ते पाहायचं. आणि प्रत्येक वेळी तापमान लिहायचं! मे महिन्यात शनिवार-रविवार एसी बंद राहिला आणि माझा महिन्याभराचा डेटा बाद झाला. सेल ‘बिघडले’ असं मी गाईडना सांगूनही बसलो होतो. उष्णतेने पहिल्या दोन्ही प्रक्रिया वेगाने होतात, एवढंच घडलं होतं.

बाबांच्या फोनची बॅटरी शेवटी लॅमिंग्टन रोडवर बदलली. निदान चुकलं होतं, औषध बरोबर निघालं. घरी हे चालतं. थिसिसमध्ये नाही. म्हणून प्रयोग लावण्याआधी स्वतःला विचारा: मी नक्की काय मोजतोय?